समुद्रकाठी चामडे सांभाळताना

गणपती झाले, पावसाने उघडीप दिली आणि आमच्या शाळेतील गणिताच्या सरांनी मोटारसायकलवर घालायचे चामड्याचे जाकीट व हातमोजे कपाटातून बाहेर काढले. जाकीट मुळात काळे. आता त्यावर राखाडी-हिरवी लव उगवली होती. हातमोज्यांची बोटे तर सुक्या बोंबलासारखी कडक झाली होती. सर ते सारे तसेच शाळेत घेऊन आले आणि शिक्षकांच्या खोलीत आमच्या टेबलावर ठेवले. बोलले काहीच नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती. "पावसाळ्यापूर्वी भरपूर खोबरेल तेल चोळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा," असा सल्ला मे महिन्यात त्यांना देणारे विज्ञानाचे शिक्षक आम्हीच होतो.

दहावीच्या मुलांनी ते जाकीट पाहिले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चामड्याला बुरशी येते, मग आमच्या दप्तरांना का येत नाही? ढोलकीचे कातडे आणि हे चामडे एकच का? आणि तेल लावल्यावर चामडे सुधारायचे सोडून बिघडले कसे? रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही पडावेत असेच हे प्रश्न आहेत. उत्तरे शोधताना आमच्या लक्षात आले, की दहावीपर्यंतच्या अभ्यासक्रमातील निम्मे रसायनशास्त्र या एका जाकिटात दडलेले आहे.

दोन सेकंदांचा हिशेब

आधी एक शंका दूर करू. एवढा खटाटोप एका जाकिटासाठी कशाला, असे वाचकांना वाटेल. सर अलिबागहून रेवदंडा, काशीद, मुरूड या रस्त्याने नेहमी मोटारसायकलवर जातात. दोन वर्षांपूर्वी काशीदच्या अलीकडे एका वळणावर वाऱ्याने रस्त्यावर आलेल्या वाळूत त्यांची गाडी घसरली. गुडघ्यावरची सुती विजार फाटून कातडी सोलवटून निघाली, ती भरून यायला दीड महिना लागला. कोपर आणि खांदाही तितकेच घासले होते. पण तिथे जाकीट होते. जाकिटावर चरे उमटले, हात शाबूत राहिला.

याचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. माणूस डांबरी रस्त्यावर घसरत जाताना घर्षणांक साधारण ०.७ धरला, तर त्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद या प्रमाणात कमी होतो. म्हणजे तो थांबायला २ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो १४ मीटर घासत जातो. (आपल्या वर्गखोलीची लांबी मोजा, म्हणजे १४ मीटर म्हणजे काय ते कळेल.) अंगावरच्या कपड्याला फक्त ही दोन सेकंदे टिकायचे असते. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे रॉडरिक वुड्स यांनी यासाठी एक यंत्र तयार केले होते. वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर कपड्याचा तुकडा टेकवायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मोटारसायकलस्वारांच्या कपड्यांसाठी २००२ साली युरोपात जे ईएन १३५९५ हे मानक आले, त्यातील घासण्याची चाचणी अशाच यंत्रावर होत असे. साधे सुती कापड या परीक्षेत फार लवकर हरते. चांगले चामडे टिकते. मात्र ते चांगले असले तर. आतून कुजलेले जाकीट बाहेरून चकचकीत दिसू शकते, आणि ते कुजले आहे हे कळण्याची वेळ नेमकी त्या दोन सेकंदांत येते.

कातडे आणि चामडे

जनावराच्या कातडीचा मुख्य भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडाच्या पेडांसारख्या वळलेल्या, अशी या रेणूची रचना आहे. ही रचना ओळखण्याचा मान भारतीय शास्त्रज्ञांकडे जातो. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये तीन पेडांची ही कल्पना मांडली. प्रयोगासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा नमुना मिळवला होता आणि तो त्यांना मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था विद्यापीठापासून फार दूर नाही. मूलभूत विज्ञान आणि चामड्याचा धंदा यांची अशी शेजारधर्माची भेट आम्हाला फार आवडते.

तीन पेडांचा एक रेणू, अशा अनेक रेणूंचा एक सूक्ष्मतंतू, अनेक सूक्ष्मतंतूंचा एक तंतू आणि अशा तंतूंच्या जुड्या सर्व दिशांनी एकमेकींत गुंतलेल्या. कापडात ताणा-बाणा असतो. एक धागा तुटला की उसवत जाते. कातड्यात ताणा-बाणा नाही, नुसता गुंता आहे, म्हणून ते उसवत नाही. रस्त्यावर घासताना कापडापेक्षा ते अधिक टिकते याचे मोठे कारण हेच.

पण जनावराच्या अंगावरून काढलेले कच्चे कातडे ओले ठेवले तर दोन दिवसांत सडते, आणि वाळवले तर पत्र्यासारखे कडक होते. ढोलकी-तबल्याला हे कडक कातडेच हवे असते, म्हणून ते कमावत नाहीत. कमावणे म्हणजे तंतूंच्या रेणूंमध्ये शेजारच्या रेणूंना धरून ठेवणारे असे काही घालणे, की पाणी आले तरी ते सडू नयेत आणि पाणी गेले तरी एकमेकांना कायमचे चिकटू नयेत.

आपल्याकडे हे काम शतकानुशतके झाडांनी केले. हिरड्याची फळे, बाभळीची साल, तरवडाची साल यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. हिरडा तोंडात धरला की जीभ आवळल्यासारखी वाटते. लाळेतील प्रथिनांना टॅनिन जे करते, तेच ते कातड्यातील प्रथिनांना करते. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने हिरडा व बाभळीची साल वापरून कमावतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्या ढोर व चर्मकार कारागिरांना गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यामुळे त्यांचे ज्ञानही शाळेच्या वेशीबाहेरच राहिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत साबणाची कृती सापडते, कातडे कमावण्याची सापडत नाही. आणि हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत आली. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी तिचे एकस्व घेतले. हिरड्या-बाभळीच्या पद्धतीत आठवडे जातात, क्रोमियमने काम दिवसांत होते. आज जगातील बहुतेक चामडे असेच तयार होते, आणि मोटारसायकलची जाकिटे व हातमोजेही बहुधा त्याचीच असतात.

आपल्या हातातले चामडे कोणत्या प्रकारचे आहे, हे वर्गात तपासता येते. गंजलेले दोन खिळे आठवडाभर शिरक्यात बुडवून ठेवावेत. त्या पाण्याचा थेंब चामड्याच्या कापलेल्या कडेवर टाकावा. वनस्पतींनी कमावलेले चामडे तिथे काळे-निळे पडते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत असत, तीच ही शाई. (चामडी पट्ट्यावर लोखंडी बकलाभोवती काळा डाग पडतो, त्याचे कारणही हेच.) क्रोम चामड्यावरही पुष्कळदा शेवटी थोडे टॅनिन चढवलेले असते, त्यामुळे फिकट राखाडी डाग दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नये. अधिक खात्रीची चाचणी उकळत्या पाण्याची आहे. चामड्याची बारीक पट्टी लांबी मोजून उकळत्या पाण्यात मिनिटभर धरावी. कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसलाच आक्रसते, वनस्पतींनी कमावलेले ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, आणि चांगले क्रोम चामडे १०० अंशांनाही तग धरते. चामडे जाळून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. क्रोम चामडे जळताना त्यातील क्रोमियम विषारी रूपात जाऊ शकते.

तेलाचे काम

'चामड्याला तेल पाजावे लागते' असे म्हणतात. पण चामडे जिवंत नाही; ते तेल पीत नाही आणि त्यावर पोसलेही जात नाही. मग तेल करते काय?

सुती साडीला भाताच्या पेजेची खळ दिली की ती वाळल्यावर ताठ होते, कारण पिठूळ पदार्थ धाग्यांना एकमेकांशी चिकटवतो. ओले चामडे वाळताना असेच काहीसे होते. पाणी निघून जाते, तंतू एकमेकांजवळ ओढले जातात आणि त्यांच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. कोलॅजेन पाण्यात उकळला की त्याचा सरस बनतो, आणि सरस म्हणजे सुताराचा गोंद, हे आठवले की चिकटण्याचे नवल वाटत नाही. हे टाळण्यासाठी कारखान्यात कमावलेल्या कातड्याला तेलाचे पाण्यातील पायस देतात. तेलाचा अगदी पातळ थर प्रत्येक तंतूवर बसतो. मग तंतू एकमेकांवरून घसरतात, चामडे वाकते, ताण आला की तो अनेक तंतूंमध्ये वाटला जातो. तेल निघून गेले तर सारा ताण काही मोजक्या, चिकटलेल्या तंतूंवर येतो आणि चामडे तडकते. सायकलच्या साखळीला तेल देतो त्यातलाच हा प्रकार. आणि साखळीवर तेलाची बाटली रिकामी केली तर काय होते, तेही सर्वांना ठाऊक आहे.

मीठ आणि दमट हवा

सांगलीतल्या माणसाने आमच्यासारखा सल्ला दिला असता तर कदाचित इतके बिघडले नसते. अलिबागला बिघडले, कारण इथली हवा. जुलै महिन्यात इथे हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसाचे बहुतेक तास ८० टक्क्यांच्या वर असते. चामडे हवेतील पाणी शोषते. कोरड्या दिवसांत त्याच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याइतके पाणी त्यात असते, तर भर पावसाळ्यात ते चौथ्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते. एकाच चामडी पट्ट्याचे मे आणि जुलै महिन्यांत प्रयोगशाळेच्या तराजूवर वजन करून विद्यार्थ्यांना हे पाहता येईल.

त्यात भर मिठाची. काशीदचा रस्ता समुद्राला लागून जातो. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात, त्यांतील पाणी उडून जाते आणि मीठ कपड्यांवर बसते. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडले-वेसवी या खाड्यांवर गाडी तरीत चढवून पलीकडे जाणारे, किंवा २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह बोटीने येणारे, यांना तर हे तुषार समोरूनच लागतात.

शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील पाणी ओढून विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांनाच विरघळू लागते. पेण-उरणकडच्या मिठागरांतले जाडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते आणि पुडीतले शुद्ध केलेले मीठ त्या मानाने कोरडे राहते, ते यामुळेच. दोन बशांत ही दोन मिठे उघडी ठेवून रोज निरीक्षण करावे. हा प्रयोग फुकटात होतो आणि हमखास साधतो. आता हेच मीठ जाकिटाच्या शिवणीत बसले आहे अशी कल्पना करा. आजूबाजूची हवा जरा सुकली तरी शिवण ओलीच राहते. चेनचे दात गंजतात, सुती दोरा कुजतो.

बाहेरून समुद्राचे मीठ, आतून घामाचे. घामात मिठाखेरीज लॅक्टिक आम्ल आणि युरियाही असतो. घाम ताजा असताना किंचित आम्लधर्मी असतो, पण जिवाणू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि तो आम्लारिधर्मी होतो. लॅक्टेट तर क्रोमियमला धरून त्याला कोलॅजेनपासून सोडवू लागते. म्हणजे कमावलेले कातडे हळूहळू पुन्हा कच्चे होऊ लागते! हातमोज्यांचे तळवे, गळपट्टी आणि बगल याच जागा आधी का जातात, याचे उत्तर इथे आहे.

बुरशीला आमंत्रण

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजायला ओल आणि अन्न लागते. सापेक्ष आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की ओलीचे काम होते. राहिले अन्न. नायलॉनचे दप्तर बुरशीला खाता येत नाही. त्यावर सांडलेले वरण तेवढे खाता येते. क्रोम चामड्याचे तंतूही तिला सहजी पचत नाहीत. पण त्यावरचे तेल, घाम, धूळ हे तिचे आवडते खाद्य. आम्ही काय केले होते? जाकिटाला वाटीभर खोबरेल चोळायला लावले, म्हणजे पान वाढले. आणि मेच्या अखेरीस, हवा आधीच दमट झालेली असताना, ते प्लास्टिकमध्ये बांधले, म्हणजे आतली ओल बाहेर जाण्याची वाट बंद केली. बुरशीने आमचे आमंत्रण स्वीकारले, एवढेच.

खोबरेलाचा आणखी एक दोष आहे. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते. डिसेंबरातल्या पहाटे चामड्यावर पांढरी साय दिसते, तिला लोक बुरशी समजतात. ओळखायची युक्ती सोपी: कोमट कापडाने पुसले आणि साय वितळून नाहीशी झाली, तर ते तेल, पुसून चार दिवसांनी ठिपक्याठिपक्यांनी परत आली, तर ती बुरशी.

बुरशी मारण्यासाठी कपाटात काहीबाही ठेवण्यापूर्वी विचार करावा. युरोपात २००७-०८ च्या सुमारास आयात केलेल्या चामडी कोचांत व बुटांत डायमिथाइल फ्युमरेट या बुरशीनाशकाच्या पुड्या ठेवलेल्या होत्या. त्याची वाफ चामड्यात शिरली आणि अनेकांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले. २००९ मध्ये तिथे अशा मालावर बंदी आली. जे बुरशीला मारते ते आपल्या कातडीला मानवेलच असे नाही, विशेषतः कपडा अंगाला लागून राहणारा असेल तेव्हा.

साबण नको, रिठा चालेल

चामड्याचा सामू साधारण ३.५ ते ५ असतो, म्हणजे ते आम्लधर्मी असते. धुण्याचा साबण आम्लारिधर्मी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, हे मुलांना माहीत आहेच. असे पाणी चामड्यात मुरले की कातडे कमावणाऱ्या द्रव्यांची पकड ढिली होते, शिवाय साबण आतले तेलही धुऊन नेतो. किनाऱ्यावरच्या अनेक विहिरींचे पाणी जड असल्याने साबणाचा न विरघळणारा साका तंतूंत अडकतो, तो वेगळाच.

रिठ्याचे पाणी हळदीचा कागद पिवळाच ठेवते. एवढ्याने ते आम्लारिधर्मी नाही इतकेच कळते. जास्वंदीच्या फुलांचा कागद वापरला तर तो गुलाबीकडे झुकतो आणि द्रावण सौम्य आम्लधर्मी असल्याचे दिसते. फेस मात्र साबणासारखाच येतो, कारण रिठ्यातील सॅपोनिन तेल आणि पाणी यांना जोडण्याचे काम करते. रेशमी शालू आणि सोन्याचे दागिने रिठ्याने धुणाऱ्या आपल्या आज्यांना सामू माहीत नव्हता. रेशीमही प्रथिनच असते, हेही माहीत नसावे. पण निवड अचूक होती.

आम्ही जाकीट साफ केले ते असे. प्रथम नाकाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशाने बुरशी झाडली. घरात झाडली असती तर बीजाणू बाकीच्या कपाटांत गेले असते. मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने सारे जाकीट, विशेषतः शिवणी, पुनःपुन्हा पुसून मीठ काढले. मीठ तेलाने निघत नाही, साबणाने निघत नाही. ते फक्त पाण्याने निघते, आणि म्हणून समुद्रकाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची. चार-पाच रिठ्यांची साले रात्रभर भिजवून गाळलेल्या पाण्याचा फेस तेवढा घेतला, पाणी नाही, आणि मळकट जागांवर फिरवला. रिठ्याचा तपकिरी रंग फिकट चामड्याला लागू शकतो, म्हणून आधी कॉलरच्या आतल्या बाजूला पाहून घेतले. पुन्हा ओल्या फडक्याने पुसले.

मग वाळवणे. इथेच बहुतेकांचे चुकते. सरांनी मे महिन्यात हातमोजे कपडे धुण्याच्या वडीने धुतले होते आणि पडवीच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवले होते. भर दुपारी असा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. आक्रसण्याचे जे अंश वर दिले आहेत ते ओल्या कातड्याचे आहेत. कोरडे चामडे बरेच जास्त तापमान सोसते, ओले सोसत नाही. त्यात हातमोज्यांचे तळवे घामाने आधीच निम्मे 'कच्चे' झालेले. म्हणून चामडे नेहमी सावलीत, वाऱ्यावर, रुंद खांद्याच्या हँगरला लावून वाळवावे, मग दोन दिवस लागले तरी चालतील. चुलीपाशी, गाडीच्या सायलेन्सरवर, इस्त्रीखाली कधीही नाही.

किती तेल, कोणते तेल

तेल अगदी शेवटी, चामडे स्पर्शाला कोरडे पण अजून लवचिक असताना. आणि आधी एक चाचणी: पाण्याचा एक थेंब चामड्यावर ठेवून पाच मिनिटे थांबावे. थेंब तसाच राहिला तर वर प्लास्टिकसारख्या द्रव्याचा, बहुधा पॉलियुरेथेनचा, थर आहे. त्यातून तेल आत जाणारच नाही, फक्त वर राहून धूळ आणि बुरशी गोळा करील. अशा चामड्याला पुसणे पुरते. तेल लावायचेच तर घडीच्या रेषांवर आणि थर झिजलेल्या जागी. थेंब आत मुरून डाग गडद झाला, तर चामडे उघडे आहे आणि त्याला तेल देता येईल.

पूर्वी विहिरीवरच्या मोटेचे चामडे सतत भिजे आणि सुके. असे चामडे मऊ ठेवायला करंजाच्या तेलासारखी कडवट तेले वापरत. करंज तर आपल्या किनाऱ्यावर भरपूर. हे तेल खोबरेलासारखे गोठत नाही, पण त्याला उग्र वास असतो आणि फिकट चामडे पिवळे पडते. बाजारात चामड्यासाठी मिळणारी तेल-पाण्याची पायसे कारखान्यातल्या पद्धतीशी अधिक जवळची आहेत व पातळ बसतात. काहीही वापरले तरी पूर्ण जाकिटाला दोन चहाचे चमचे पुरे. फडक्यावर घेऊन चोळावे, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जेवढे निघेल तेवढे काढून टाकावे. बोटाला तेलकट लागत असेल तर ते जास्त झाले. आणि वर्षातून ही वेळ दिवाळीनंतरची, हवा कोरडी होते तेव्हाची. पावसाळ्याच्या तोंडाशी तेल लावू नये. तेव्हा फक्त मीठ आणि घाम पुसून काढावा. आमच्या सल्ल्यातली चूक तेलापेक्षा वेळेची आणि मापाची होती, असे आम्ही आता स्वतःचे समाधान करून घेतो.

पावसाळ्यात जाकीट प्लास्टिकमध्ये ठेवू नये. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, हवा खेळेल असे टांगावे. कोकणात व मुंबईत काही घरांत पावसाळाभर कपाटात एक छोटा दिवा जळत ठेवतात. त्यामागचे गणित सुंदर आहे. २७ अंशांना हवा बाष्पाने संपृक्त असताना बाष्पदाब सुमारे २६.७ मिलिमीटर पारा असतो, ३२ अंशांना ३५.७. कपाटातील हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असेल, तर ती नुसती पाच अंशांनी तापवली की, बाष्प तेवढेच असूनही, सापेक्ष आर्द्रता ९० × २६.७ ÷ ३५.७ म्हणजे सुमारे ६७ टक्क्यांवर येते. बुरशीच्या मर्यादेच्या खाली! मात्र यासाठी तारेचा जुना बल्ब लागतो, तोही कपड्यांपासून दूर आणि जाळीत बसवलेला; एलईडी दिव्याची उष्णता फारच कमी पडते. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषून तृप्त होतात. उघड्या कपाटात, अलिबागच्या जुलैमध्ये, ते काही दिवसांचेच काम.

सरांचे जाकीट वाचले. डाग पूर्ण गेले नाहीत. साफ झाल्यावर आम्ही प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी धरून ताणून पाहिली, आणि डाव्या बगलेखालची टरकन् उसवली. चामडे धड होते, दोरा कुजला होता. बाजारातल्या चर्मकार काकांनी जुन्याच भोकांतून नायलॉनच्या दोऱ्याने ती शिवून दिली. नवी भोके पाडली तर चामडे तिथे फाटते, असे त्यांनी न विचारता सांगितले.

हातमोजे वाचण्यासारखे नव्हते. सरांच्या परवानगीने ते कापून आम्ही दहावीच्या वर्गात नेले. एक पट्टी तळव्याची, एक हाताच्या पाठीवरची, दोन्ही पाच-पाच सेंटिमीटर. उकळत्या पाण्यात मिनिटभर धरल्यावर पाठीवरची पट्टी जवळजवळ तेवढीच राहिली. तळव्याची वळून साडेतीन सेंटिमीटर झाली. मुलांनी वहीत आकृती काढली, आणि सर त्या दिवशी वर्गाच्या दारात उभे राहून पाहत होते.